पक्क्या लायसन्सच्या चाचणीपूर्वी किती तास गाडी चालवावी?

शिकाऊ लायसन्स हाती आले की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "आता चाचणीला कधी जाता येईल?" कायद्याचे उत्तर सोपे आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील पंधराव्या नियमाप्रमाणे शिकाऊ लायसन्स मिळून किमान ३० दिवस झाल्याखेरीज कोणालाही प्रत्यक्ष चाचणी देता येत नाही, आणि हे लायसन्स ६ महिने वैध असते. अडचण अशी होते, की ३० दिवसांची ही किमान अट म्हणजेच तयारीला लागणारा काळ, असे अनेक जण धरून चालतात, एकतिसाव्या दिवसाची वेळ ऑनलाइन नोंदवून टाकतात आणि ट्रॅकवर पहिल्याच चढावर त्यांची गाडी मागे सरकते. म्हणून या लेखात मी दिवसांऐवजी तासांचा हिशेब मांडणार आहे. स्टीअरिंग स्वतःच्या हातात आणि पावले स्वतःच्या पेडलवर असताना गेलेला वेळ तेवढाच या हिशेबात धरावा. शेजारी बसून पाहण्यात, पुढच्या विद्यार्थ्याच्या घरापर्यंत जाण्यात किंवा सिग्नलला उभे राहण्यात गेलेला वेळ त्यातून वगळावा.

माझा अंदाज आधीच सांगतो. यापूर्वी कोणतेही वाहन न चालवलेल्या माणसाला हाताने गिअर बदलायच्या मोटारीची चाचणी आत्मविश्वासाने देण्यासाठी २५ ते ३० तासांचा खरा सराव लागतो. रोज पाऊण तास मिळत असेल आणि अधूनमधून दिवस चुकत असतील, तर हे तास भरायला दोन ते अडीच महिने लागतात. अनेक वर्षे स्कूटर किंवा मोटारसायकल चालवलेल्या माणसाला रस्त्यावरची रहदारी वाचता येत असते, त्यामुळे त्याचे काम साधारण २० तासांत होते. चाळिशीनंतर प्रथमच स्टीअरिंग धरणाऱ्यांनी ३५ ते ४० तास गृहीत धरावेत आणि त्यात कमीपणा मानू नये, कारण त्यांची सावधगिरी पुढे रस्त्यावर त्यांच्याच कामाला येते.

हे आकडे जास्त वाटत असतील, तर कायद्यातील दोन तरतुदी शेजारी ठेवून पाहाव्यात. याच नियमांतील एकतिसाव्या नियमाने मोटार ड्रायव्हिंग स्कूलना खासगी हलक्या वाहनासाठी किमान २१ दिवसांचे प्रशिक्षण आणि त्यात प्रत्यक्ष वाहन चालवण्याचे किमान १० तास घालून दिले आहेत. दुसरीकडे, जुलै २०२१ पासून लागू झालेल्या मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांच्या नियमांत हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम जास्तीत जास्त चार आठवड्यांत पुरा करायच्या २९ तासांचा आहे, आणि त्यांपैकी २१ तास प्रत्यक्ष प्रशिक्षणाचे आहेत. अशा केंद्रातून उत्तीर्ण झालेल्याला आरटीओच्या चाचणीतून सूट मिळते. ज्या माणसाची सरकार वेगळी चाचणी घेणार नाही, त्याच्याकडून ते १० तासांच्या दुपटीहून अधिक सरावाची अपेक्षा करते, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. नोकरीनिमित्त ब्रिटनमध्ये गेलेल्या आणि तिथे नव्याने चाचणी द्यावी लागलेल्या मराठी मंडळींना तर हा फरक फारच जाणवतो, कारण तिथे सुमारे ४५ तासांची शिकवणी आणि त्याखेरीज सुमारे २२ तासांचा खासगी सराव ही सरासरी सरकारी संस्थाच सांगत आली आहे.

आपल्याकडच्या ड्रायव्हिंग स्कूलचा २१ दिवसांचा वर्ग बहुधा रोज अर्ध्या तासाचा असतो. गुणाकार केला तर साडेदहा तास भरतात, म्हणजे कागदावर नियम पाळला जातो. पण त्या अर्ध्या तासात एक विद्यार्थी उतरतो, दुसरा बसतो, आसन पुढेमागे होते, आणि मुख्य म्हणजे शिकवणाऱ्याच्या पायाखाली क्लच आणि ब्रेकची दुसरी जोडी असते. गाडी बंद पडू नये म्हणून तो त्याच्या बाजूचा क्लच नकळत दाबतो, समोर रिक्षा आली की ब्रेकही तोच लावतो, आणि विद्यार्थ्याला मात्र गाडी आपण चालवली असे प्रामाणिकपणे वाटत राहते. माझ्या भाचीचे नेमके असेच झाले. पुण्यात २१ दिवसांचा वर्ग पूर्ण करून ती लगेच चाचणीला गेली. आठचा आकडा तिने नीट काढला, पण चढावर थांबून पुन्हा निघताना गाडी मागे गेली आणि ती अनुत्तीर्ण झाली. घरी येऊन आम्ही हिशेब केला तेव्हा लक्षात आले, की चढाचा सराव तिने एकाच दिवशी केला होता आणि त्या दिवशीही गाडी शिकवणाऱ्याच्या पायाने धरून ठेवली होती. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊ नये, असे मी यावरून म्हणत नाही. उलट पहिले आठ-दहा तास दुहेरी पेडलच्या गाडीतच शिकावे, ते सर्वांच्याच सुरक्षिततेचे आहे. मात्र वर्गाच्या शेवटच्या पाच दिवसांत शिकवणाऱ्याला स्पष्टपणे विनंती करावी, की धोका दिसल्याखेरीज त्यांनी पाय पेडलवर ठेवू नयेत, आणि ठेवावे लागलेच तर तसे लगेच सांगावे. पाचही दिवस त्यांना सांगण्याची वेळ आली नाही, तर तुमचे पहिले शिक्षण पूर्ण झाले असे समजावे.

तासांची विभागणी

पहिले पाच-सहा तास केवळ क्लच, ब्रेक आणि स्टीअरिंगसाठी द्यावेत, आणि तेही मोकळ्या मैदानावर किंवा पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर. या काळात वेग वाढवण्याची काहीही गरज नसते. पहिल्या गिअरमध्ये क्लच इतका सावकाश सोडायला शिकावे, की ऍक्सिलरेटरला पाय न लावताही सपाट जागेवर गाडी धक्का न देता पुढे सरकेल. हे सलग दहा वेळा साधले, की पुढची निम्मी तयारी झाली असे मी मानतो, कारण चढ, रिव्हर्स, पार्किंग आणि आठचा आकडा या चारही गोष्टी अखेर अर्ध्या दाबलेल्या क्लचवरच चालतात. ऑटोमॅटिक गाडी शिकणाऱ्याचे हे तास बऱ्याच अंशी वाचतात. मात्र चाचणीला जी गाडी न्यायची आहे, तिच्यावरच शेवटचा सराव झालेला असावा.

त्यानंतरचे आठ-दहा तास शांत रस्त्यांसाठी असावेत. इथे गिअर वर-खाली करणे, डावी बाजू धरून चालणे, आरसा पाहून मग इशारा देणे आणि इशारा दिल्यानंतरच वळणे ही क्रिया अंगवळणी पडायला हवी. पंधराव्या नियमात उमेदवाराने काय करून दाखवावे याची लांबलचक यादी आहे, आणि ती प्रत्येकाने एकदा तरी वाचावी. इशाऱ्यापूर्वी आरशाचा योग्य उपयोग, सिग्नल किंवा पोलीस नसलेल्या ठिकाणी रस्ता ओलांडणाऱ्या पादचाऱ्यांना आधी जाऊ देणे, पुढच्या आणि मागच्या गिअरचा वापर करून गाडीचे तोंड उलट दिशेला फिरवणे, मर्यादित जागेत रिव्हर्सने शिरणे, चढावर मागे न सरकता पुन्हा निघणे हे सारे तिथे लिहिलेले आहे. आपल्या भागातील निरीक्षक यातले नेमके काय विचारतात याची चौकशी करत बसण्यापेक्षा ही यादी वहीत उतरवून प्रत्येक बाबीपुढे आपण ती कितीदा विनामदत केली हे लिहीत जाणे अधिक उपयोगी पडते.

खऱ्या रहदारीसाठी सहा ते आठ तास ठेवावेत. यांतले निदान दोन तास संध्याकाळच्या गर्दीत आणि एक तास अंधार पडल्यावर असावा. चाचणी दिवसा आणि ट्रॅकवर होते म्हणून हा भाग गाळण्याचा मोह होतो, आणि मला तो धोकादायक वाटतो. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. लायसन्स मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी आपण याच रस्त्यांवर एकटे उतरणार आहोत, तेव्हा शेजारी जाणता माणूस बसलेला असताना गर्दी अनुभवून घेण्याची संधी वाया घालवू नये.

उरलेले पाच-सहा तास ट्रॅकवरच्या कसरतींचे, आणि त्यांबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे.

चढ, आठ आणि रिव्हर्स

पुण्यात चारचाकीची चाचणी नाशिक फाट्याजवळ आयडीटीआर या चालक प्रशिक्षण संस्थेच्या ट्रॅकवर होते. अनेक लहान कार्यालयांत निरीक्षक शेजारी बसून साध्या मैदानावर किंवा रस्त्यावर गाडी चालवायला लावतात. जागा कोणतीही असो, सर्वाधिक घात चढावर होतो. चढावर थांबल्यावर हँडब्रेक पूर्ण ओढावा, पहिला गिअर टाकावा आणि क्लच हळूहळू वर आणावा. एका क्षणी इंजिनाचा आवाज खाली बसतो आणि बॉनेट किंचित उचलल्यासारखे वाटते. पाय तिथेच स्थिर ठेवावा, ऍक्सिलरेटर थोडा दाबावा आणि मगच हँडब्रेक सोडावा. गाडी पुढे निघाली की क्लच पूर्ण सोडता येतो. घाबरलेला माणूस नेमका उलटा क्रम करतो, म्हणजे आधी हँडब्रेक सोडतो आणि मग क्लच शोधत बसतो. या सरावासाठी उड्डाणपुलावर थांबू नये, ते इतरांना धोक्याचे असते. सोसायटीच्या तळघरातील पार्किंगचा उतार दुपारच्या वेळी रिकामा असतो, आणि तिथे मागे कोणी नाही याची खात्री करून घरचे माणूस वर उभे करावे. भाचीने अशा उतारावर आठवडाभर रोज पंधरा वेळा गाडी थांबवून पुन्हा काढली. पहिल्या दिवशी गाडी सहा वेळा बंद पडली, सातव्या दिवशी एकदाही नाही.

आठचा आकडा काढताना नजर बॉनेटवर ठेवली की गाडी रेषेबाहेर जाते. नजर पुढच्या वळणाच्या टोकावर असावी, आणि वळण संपण्याच्या थोडे आधीच स्टीअरिंग परत फिरवायला सुरुवात करावी. वेग पायी चालण्याएवढाच राहावा आणि तो क्लचने सांभाळावा. मैदानावर चुन्याने किंवा विटा ठेवून आकडा आखला तर दोन तासांत हात बसतो.

रिव्हर्सचे तसे नाही. त्याला वेळ लागतो, कारण स्टीअरिंग आणि मागच्या चाकांची दिशा यांचा मेळ डोक्यात बसायला दिवस जावे लागतात. अनेक ठिकाणी विद्यार्थ्याला खुणा पाठ करायला लावतात, उदाहरणार्थ मागच्या काचेच्या कोपऱ्यात अमुक खांब दिसला की स्टीअरिंग पूर्ण फिरवायचे. ही पाठांतराची युक्ती त्या एका गाडीवर आणि त्या एका ट्रॅकवर चालते. आसन थोडे खाली झाले किंवा गाडी बदलली, की खूण चुकते आणि उमेदवाराकडे दुसरा आधार उरत नाही. त्याऐवजी दोन रिकामी पिंपे किंवा खोकी ठेवून त्यांच्यामध्ये डावीकडून, उजवीकडून, दोन्ही आरसे पाहत आणि मान वळवून मागच्या काचेतून बघत गाडी घालण्याचा सराव करावा. रोज दहा मिनिटे, पण तीन आठवडे, असा हा सराव विभागून करणे रविवारी सलग तीन तास करण्यापेक्षा फार चांगले. इंग्रजी एच अक्षराच्या आकाराची रिव्हर्स आणि समांतर पार्किंग या दोन्ही त्याच कौशल्याच्या शाखा आहेत.

दुचाकीची तयारी लवकर होते. सायकल येत असेल तर आठ-दहा तास पुरतात. आठचा आकडा काढताना पाय टेकू नये यासाठी थ्रॉटल एकसारखा ठेवून मागचा ब्रेक अगदी हलका लावलेला असावा. एक गोष्ट मात्र आधी ठरवावी. गिअर नसलेल्या स्कूटरवर चाचणी दिली तर लायसन्सही केवळ गिअर नसलेल्या दुचाकीचेच मिळते, त्यामुळे पुढे मोटारसायकल चालवायची असेल तर गिअरच्या वर्गासाठीच अर्ज करावा आणि त्याच वाहनावर शिकावे.

घरच्या गाडीवर सराव करताना

वर्गातले दहा तास आणि लागणारे पंचवीस तास यांतले अंतर बहुतेकांना घरच्याच गाडीवर भरून काढावे लागते. यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांतील तिसरा नियम नीट पाळावा. शिकणाऱ्याकडे वैध शिकाऊ लायसन्स असावे, गाडी थांबवता किंवा ताब्यात घेता येईल अशा जागी त्या वर्गाच्या वाहनाचे पक्के लायसन्स असलेली व्यक्ती बसलेली असावी, आणि गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर तांबड्या रंगात एल अक्षराची पाटी असावी. ही पाटी १८ सेंटीमीटर बाजूच्या चौरसाची असते. दुचाकी शिकणाऱ्याने शिकवणाऱ्याखेरीज कोणालाही मागे बसवायचे नसते. या अटींना केवळ दंडाची बाब समजू नये. मोटारीच्या विमा पॉलिसीतील चालकाविषयीच्या कलमातही शिकाऊ लायसन्सधारकाने तिसरा नियम पाळलेला असावा, अशी अट असते. पाटी लावली नाही किंवा शेजारी लायसन्सधारक नसला आणि अपघात झाला, तर विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो, आणि तो भार सबंध कुटुंबावर पडतो.

घरचा शिकवणारा निवडताना नात्यापेक्षा स्वभाव पाहावा. नवऱ्याने बायकोला किंवा वडिलांनी मुलीला शिकवताना गाडीत आवाज चढतात आणि शिकणाऱ्याचे लक्ष रस्त्यावरून उडते. शांत बसणारी एखादी मावशी किंवा शेजारचे काका अधिक चांगले शिकवतात, असे मी अनेक घरांत पाहिले आहे.

चाचणीची तारीख कशी ठरवावी

शिकाऊ लायसन्स आता आधारच्या साहाय्याने सारथी संकेतस्थळावरून घरबसल्या मिळू शकते, त्यामुळे ते घाईने काढून ठेवण्याची प्रवृत्ती वाढली आहे. माझा सल्ला असा, की ड्रायव्हिंग स्कूलचा वर्ग सुरू होण्याच्या जेमतेम आठवडाभर आधी ते काढावे, नाहीतर वैधतेचे दिवस वाया जातात. कोकणात, घाटमाथ्यावर आणि मुंबई-पुण्याकडे जून ते सप्टेंबर या काळात मैदाने चिखलाने भरलेली असतात आणि सुरुवातीचा सराव बुडतो, म्हणून शक्य असल्यास दसऱ्याच्या सुमारास सुरुवात करावी.

मोटार वाहन कायद्याच्या नवव्या कलमानुसार अनुत्तीर्ण झालेल्याला ७ दिवसांनंतर पुन्हा चाचणी देता येते. तीन वेळा अपयश आल्यास शेवटच्या चाचणीपासून ६० दिवस थांबावे लागते, आणि २०१९ च्या दुरुस्तीने अशा उमेदवाराला उपचारात्मक प्रशिक्षणही बंधनकारक केले आहे. आता उलट मोजू. १८० दिवसांतून ते ६० दिवस आणि आधीच्या दोन फेरचाचण्यांचे १४ दिवस वजा केले तर १०६ उरतात. म्हणजे पहिली चाचणी शिकाऊ लायसन्सच्या १०६ व्या दिवसानंतर ठेवली, तर वाईटात वाईट प्रसंगी चौथ्या चाचणीपूर्वीच लायसन्सची मुदत संपते आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. शहरांतील कार्यालयांत हवी ती तारीख मिळतेच असे नाही, त्यामुळे ७० ते ९० व्या दिवसांमधली तारीख मला सर्वांत योग्य वाटते. तोपर्यंत रोज पाऊण तासाच्या हिशेबाने २५-३० तास भरलेले असतात आणि पुढच्या प्रयत्नांसाठीही पुरेशी जागा राहते.

तारीख नोंदवण्यापूर्वी एक साधी कसोटी घ्यावी. आपल्याला ओळखत नसलेल्या, पण चांगली गाडी चालवणाऱ्या माणसाला शेजारी बसवून अनोळखी रस्त्यावर ४० मिनिटे गाडी चालवावी आणि त्याने एकही शब्द बोलू नये असे ठरवावे. या वेळात गाडी एकदाही बंद पडली नाही, त्याला एकदाही हँडब्रेककडे हात न्यावा लागला नाही, आणि शेवटी रिव्हर्समध्ये गाडी दुसऱ्या प्रयत्नाच्या आत जागेवर लागली, तर तारीख घ्यावी. यातले काही चुकले, तर त्याच बाबीवर आणखी तीन-चार तास घालवून कसोटी पुन्हा घ्यावी. पैसे दिले की चाचणी होऊनच जाते, असे सांगणारे लोक भेटतात. त्यांचे ऐकू नये. न आलेली रिव्हर्स लायसन्स मिळाल्यावरही येत नाही, आणि तिची किंमत दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागते.

चाचणीच्या दिवशी मूळ शिकाऊ लायसन्स, नोंदवलेल्या वेळेची पावती, ओळखपत्र, आणि गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र, विमा व पीयूसी सोबत ठेवावे. दुचाकीसाठी हेल्मेट न्यावे. अर्धा तास आधी पोहोचून इतरांच्या गाड्या ट्रॅकवर कशा फिरतात ते पाहावे. गाडीत बसल्यावर आसन, आरसे आणि सीटबेल्ट यांना लागतील तेवढे क्षण द्यावेत, कारण पंधराव्या नियमातील यादीची सुरुवात इंजिन सुरू करण्यापूर्वीच्या तयारीपासूनच होते. मध्येच गाडी बंद पडली तर हँडब्रेक ओढून, गिअर न्यूट्रल करून, शांतपणे पुन्हा सुरू करावी.

अनुत्तीर्ण झाल्यास तिथून निघण्यापूर्वी नेमके काय चुकले हे निरीक्षकांना नम्रपणे विचारून लिहून घ्यावे. पुढच्या तारखेपर्यंतचे सगळे तास त्या एकाच चुकीवर खर्च करावेत. भाचीने दुसरी वेळ ७ दिवसांनी न घेता २० दिवसांनी घेतली, आणि त्या २० दिवसांत तिने सोसायटीचा उतार सोडून दुसरे काहीही केले नाही.